दोराचं दुसरं टोक

जेबेझ पॅस्कोने सॉल्टहेवनच्या थिएटरात अर्धं आयुष्य काढलं आणि एकही नाटक धड पाहिलं नाही. गावात हा ठरलेला विनोद होता. नाटकं त्याने ऐकली मात्र भरपूर, आणि तीही वरून, छताच्या पलीकडून. तो गडगडाटवाला होता. नाटकात वादळ आलं की ते जेबेझने आणलेलं असायचं.

थिएटर बांधलं त्याच्या पणजोबाच्या काळात. तेव्हाच कुणा हुशार सुताराने प्रेक्षागृहाच्या छतावर, माळ्यात, एक लांबलचक उतरती लाकडी पन्हळ बसवून ठेवली होती. तिच्या तळाला ठिकठिकाणी पट्ट्या ठोकलेल्या. वरच्या टोकाकडून जुने तोफगोळे एकामागून एक सोडले की ते त्या पट्ट्यांवर आपटत, घरंगळत खाली जायचे आणि खालच्या लोकांना वाटायचं, आभाळ डोक्यावर येतंय. पुढे बाकीच्या थिएटरांनी हे सोडून दिलं आणि विंगेत पत्रा हलवायला सुरुवात केली. पत्र्याचा आवाज कानाला लागतो, गोळ्यांचा पोटात शिरतो. सॉल्टहेवनमध्ये सगळ्यांत वरच्या स्वस्त बाकांवर संत्री सोलत बसणारे लोक बंदरावरचे होते. खरी वादळं ज्यांनी अंगावर घेतलीत, त्यांच्यापुढे पत्रा हलवायची कुणाची छाती झाली नाही.

या कामाला माणसं दोन लागत. एकाने वरून गोळे सोडायचे. खालच्या टोकाला पेंढ्याची गादी असे, तिथे दुसऱ्याने ते अडवून टोपलीत भरायचे, आणि वरच्याने कप्पीवरच्या दोराने टोपली परत ओढून घ्यायची. दोघांच्या मध्ये अख्ख्या प्रेक्षागृहाची लांबी आणि मिट्ट काळोख. माळ्यावर दिवा लावायची सोय नव्हती. छताच्या फटींतून उजेड खाली पाझरला असता; गोळे कधी सोडायचे ते सांगणारा खुणेचा इवलासा दिवा तेवढा वरच्या टोकाला होता. बोलायचीही सोय नव्हती, कारण खाली नाटक चालू. म्हणून सगळं बोलणं दोराने व्हायचं. खालून एक हिसका आला की समजायचं, गोळे पोचले, माझे हात बाहेर आहेत. दोन आले की टोपली भरली, ओढ. आणि तीन आले की आजचं संपलं, उतर खाली.

हिसका नेहमी खालून वर जायचा, वरून खाली कधीच नाही. बोटं खालच्याची गोळ्यांखाली असतात आणि तो कधी मोकळा आहे हे वरच्याला दिसत नाही, तेव्हा वरच्याने गप्प राहून वाट बघायची. हा नियम रूबेन पॅस्कोने घालून दिला होता. रूबेन जेबेझचा थोरला भाऊ, आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला तोच बसायचा.

दोघे भाऊ आधी खलाशी होते. थिएटरात पडद्यांचे दोर ओढायला जुन्या काळापासून खलाशीच घेत, कारण गाठी आणि कप्प्या त्यांच्या हातात असतात. हे दोघेही तसेच बंदरावरून उचलून आणलेले. पडद्यांच्या मजल्यावर रोजचं काम, आणि वादळाचं नाटक आलं की माळ्यावर. तेव्हा शेवटच्या गडगडाटानंतर रूबेनचे तीन हिसके यायचे, जेबेझ अंधारात स्वतःशीच हसायचा, आणि दोघे आपापल्या जिन्याने उतरून कोपऱ्यावरच्या गुत्त्यात बिअरचा एकेक मग घेऊन बसायचे. नाटक कसं होतं यावर रूबेन मत द्यायचा. पाहिलेलं त्यानेही नसायचं, पण मत होतं.

मग ती शीळ झाली.

थिएटरात शीळ घालत नाहीत. हे तिथल्या मांजरालाही ठाऊक असतं. जहाजावर शिळेवर दोर सुटतात आणि शिळेवर ओढले जातात; तीच पद्धत खलाशांनी थिएटरात आणली आणि पुढे विजेचे दिवे येऊन तांबड्या-हिरव्या खुणा सुरू झाल्या तरी भीती राहिलीच. कुणी चुकून शीळ घातली तर त्याने बाहेर जायचं, स्वतःभोवती तीनदा फिरायचं, दार ठोठावायचं आणि आतून कुणी ‘ये’ म्हणेपर्यंत थांबायचं. नट मंडळी हे हसत हसत करतात. पडद्यांच्या मजल्यावरचे हसत नाहीत.

त्या दिवशी नव्या नाटकाचं नेपथ्य चढवत होते. रूबेन खाली रंगमंचावर दांडीला पडदा बांधत होता, जेबेझ वर कठड्याशी. तेवढ्यात रूबेनची चिमुरडी मुलगी लव्हडे फडक्यात बांधलेली पेस्टी, मांस-बटाटे भरून भाजलेली मोठी करंजी, घेऊन विंगेतून आली. वडिलांचं जेवण आणायचा मान तिला नुकताच मिळाला होता आणि तो तिच्या चालण्यात दिसत होता. जेबेझचा त्या पोरीवर भारी जीव. तिने वर बघावं म्हणून त्याने ओठ गोल केले आणि एक छोटी, गोड शीळ घातली.

त्याच्या शेजारी म्हातारा ओबेड दुसऱ्या दोरावर होता. ओबेडची सगळी हयात शिळेच्या काळात गेली होती. त्याच्या डोक्याने काही विचारायच्या आतच हातांनी दोर सोडला. पोरगी हसत वर बघत होती आणि दांडी तिच्यापासून हातभर अंतरावर, रूबेनच्या उजव्या हातावर आली.

जेबेझ धावत खाली आला, कुणी त्याला जवळ येऊ देईना, आणि मग काय करावं हे न सुचून तो मागच्या गल्लीत गेला आणि खरोखरच स्वतःभोवती तीनदा फिरला. दार ठोठावलं. आत सगळे रूबेनभोवती होते. कुणी ‘ये’ म्हटलं नाही. बऱ्याच वेळाने दरवान बाहेर आला आणि म्हणाला, घरी जा बाबा.

हात राहिला, पण त्याची मूठ पुन्हा कधी वळली नाही. पडद्यांचं काम संपलं. थिएटरवाल्यांनी रूबेनला वरची बाकं झाडायला ठेवलं. माळ्याचं काय करायचं हा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांना वाटलं, तो आता भावाचं तोंड बघणार नाही. रूबेन म्हणाला, खालचं टोक माझं आहे, माझंच राहील. डाव्या हाताने तो गोळे अडवू लागला, टोपली भरू लागला. एक हिसका, दोन हिसके, सगळं पूर्वीसारखं चोख.

तीन मात्र कधी आले नाहीत.

बोलणंही बंद होतं. चॅपेलमध्ये दोघे दोन टोकांना बसत. रस्त्यात समोरासमोर आले तर रूबेन टोपीला हात लावायचा, तोही परक्या माणसाला लावावा तसा. त्याची बायको टॅमसिन तेवढंही करत नसे. शिवी दिली असती, थोबाडीत मारली असती, तर जेबेझला बरं वाटलं असतं. एकदा तो माफी मागायला घरी गेला, दारात टॅमसिन उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘हात आणलायस का त्याचा परत? नाही ना? मग कशाला आलास?’’ तो पुन्हा गेला नाही.

तेव्हापासून त्याला या जगात एकच गोष्ट हवी होती. शेवटच्या गडगडाटानंतर तीन हिसके. त्याचा अर्थ रूबेनच्या भाषेत एकच झाला असता. दर प्रयोगाला, शेवटचा गोळा गेल्यावर, तो दोर हातात घेऊन बसून राहायचा. खाली नायक-नायिकेचं जुळायचं, टाळ्या व्हायच्या, लोक खोकत कोट घालायचे, दिवे जायचे. मग तो उतरायचा. पडद्यांवरची पोरं म्हणायची, म्हातारा वर देवाशी गप्पा मारतो. म्हातारा तेव्हा पन्नाशीचाही नव्हता.

अशी बारा-तेरा वर्षं गेली. गावात बोलपट आला, लोक तिकडे वळले, फिरत्या मंडळींचे दौरे निम्म्यावर आले. आणि ज्या थंडीत छत गळायला लागलं त्या थंडीत रूबेनच्या छातीत कफ धरला आणि तो गेला. जेबेझला निरोप आला तो दरवानाकडून. दफनाला तो सगळ्यांच्या मागे उभा राहिला. रडू आलं नाही. संताप आला, आणि तो संताप मेलेल्या भावावर होता: एवढं काम चोख केलंस आणि एवढंसं राहू दिलंस.

वसंतात एक मंडळी दीपगृहाचं नाटक घेऊन आली. त्यात वादळ असं की तिसरा अंक अर्धा गडगडाटातच. मॅनेजर टॅपस्कॉटने खालच्या टोकाला माणूस शोधला, पण पडद्यांवरचं एकही पोर तयार होईना. तिथे रूबेन बसायचा, म्हणत. शेवटी कपडेपटातून एक मुलगी पुढे आली आणि म्हणाली, मी बसते. ती लव्हडे होती. वयात आलेली, बापासारखीच रुंद खांद्याची, कमी बोलणारी.

जेबेझला वाटलं, ही टोमणा मारायला आलीय. तिने मारला नाही. शिडीपाशी उभी राहून तिने एवढंच विचारलं, ‘‘काका, एक म्हणजे पोचले आणि दोन म्हणजे ओढा. आणखी काही आहे?’’

‘‘नाही,’’ तो म्हणाला. ‘‘एवढंच.’’

तिसरी खूण तो कुणाला शिकवणार नव्हता. ती उसनी घ्यायची गोष्ट नव्हती.

पोरीने काम झटकन उचललं. पहिल्या प्रयोगाला वरच्या बाकांवरच्या लोकांनी वादळालाच टाळ्या दिल्या. शेवटचा गडगडाट झाला, एक हिसका आला, मग टोपली वर आली. जेबेझने गोळे खाचेत लावले आणि सवयीने दोर हातात घेऊन बसला. वाट बघायला आता कुणी उरलेलं नव्हतं, पण हातांना ते कोण सांगणार.

आणि त्याच्या लक्षात आलं की दोर धरलेला आहे.

दोराचं दुसरं टोक मोकळं आहे की कुणाच्या हातात आहे, हे खलाशाला विचारावं लागत नाही. मोकळा दोर मेलेला असतो. धरलेल्या दोरात माणसाचा श्वास येतो, बोटांची अदलाबदल येते, अवघडलेला खांदा सैल केला तर तोही येतो. या दोरात हे सगळं होतं. जेबेझला पोरीचं कौतुक वाटलं. काम संपलं तरी बसून राहिली, बापाचा गुण. पडदा पडेपर्यंत दोर तसाच होता.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्याही. मग त्याला तिची काळजी वाटली. तिथे भिंतीतून वारा यायचा आणि त्याच वाऱ्याने तिच्या बापाला नेलं होतं. कपडेपटात जाऊन, दाराशी उभा राहून, तो म्हणाला, शेवटच्या गडगडाटानंतर तिथे बसत जाऊ नकोस.

लव्हडे तोंडातली टाचणी काढून म्हणाली, ‘‘मी कुठे बसते? दोन हिसके दिले की पळतच खाली येते. बुडालेल्या लोकांचे ओले झगे कोण उतरवणार? हिला विचारा.’’ शेजारी इस्त्री करणारी बाई मान न वळवता म्हणाली, खरंय, चौथा अंक सुरू व्हायच्या आत ही इथे असते.

जेबेझ ‘बरं’ म्हणाला आणि जिन्यावर जाऊन बसला.

त्या प्रयोगाला त्याने खात्री करायचं ठरवलं. शेवटचा गडगडाट झाला, टोपली आली. दोर हातात घेतला. धरलेला होता. त्याने आपलं टोक खुंटीला बांधलं, शिडी उतरला, मागच्या बोळातून वरच्या बाकांच्या जिन्याने चढून खालच्या टोकाच्या बुटक्या दारातून आत शिरला. काडी ओढली. कुणी नव्हतं. पेंढ्याच्या गादीशेजारी, भिंतीला टेकून बसायच्या जागी, पेंढा बसून बसून चेपला होता. दोराचं टोक तिथेच पडलं होतं, सैल, वेटोळं होऊन. त्याने ते उचललं. मेलेला दोर. काडी विझली. तो परत वर गेला, खुंटीवरून दोर सोडवला आणि हातात घेतला. दुसरं टोक धरलेलं होतं.

जेबेझ ओरडला नाही, पळालाही नाही. समुद्रावर राहिलेल्या माणसाला अशा गोष्टींचं फारसं अप्रूप नसतं. त्याची भीती वेगळी होती. त्याला वाटलं, रूबेन मेल्यावरही राग घेऊन इथे येऊन बसलाय. जिवंतपणी जे दिलं नाही ते आताही द्यायचं नाही, हे सांगायला. रोज एवढ्या लांबून येतो, दोर हातात घेतो आणि हिसका देत नाही. इतका राग माणसाला पुरतो कसा, हे त्याला कळेना. पण माळ्यावर जाणं त्याने टाळलंही नाही. खरं सांगायचं तर दिवसभर तो त्याच घटकेची वाट बघायचा. तिकडे रागावलेला का होईना, भाऊ होता.

तो खंगायला लागला. जेवण जाईना. टॅपस्कॉटने एकदा विचारलं, ‘‘पॅस्को, बरं नाही का? शनिवारी मंडळी जाणार, मग पुढे पत्राच वापरू म्हणतोय मी. छताच्या तुळया कुजल्यात. एखाद्या दिवशी तुझे गोळे लोकांच्या मांडीवर येतील.’’ तो हे समजुतीने बोलला, वाईट माणूस नव्हता. पण जेबेझला तेवढंच ऐकू आलं की शनिवार शेवटचा. शनिवारनंतर दोर नाही. काय मिळायचं असेल ते तोपर्यंत.

शनिवारी दुपारचा खेळ होता. त्याआधी तो मागच्या गल्लीत उन्हाला बसला होता. लव्हडे फडक्यात काहीतरी घेऊन आली आणि त्याच्यासमोर ठेवलं. पेस्टी होती.

‘‘खा,’’ ती म्हणाली. ‘‘आईने दिलीय असं समजू नका. आईला माहीत नाही. तुम्ही जेवत नाही असं सगळे सांगतात.’’

जेबेझ फडक्याकडे बघत राहिला. फडकं त्या शिळेच्या दिवशी होतं तसंच होतं, निळ्या चौकड्यांचं.

लव्हडे शेजारी बसली. ‘‘ती शीळ माझ्यासाठी होती,’’ ती म्हणाली. ‘‘मला आठवते. मी लहान होते, पण आठवते. आई म्हणते तुम्ही बेफिकीर होतात. मी तिला कधी सांगितलं नाही की मला ती फार आवडली होती.’’

जेबेझने तोंड वळवलं. गल्लीच्या तोंडाशी कोळणी ओरडत होत्या. तो म्हणाला, ‘‘तुझा बाप माझ्यावर रागावून गेला, पोरी. अजून आहे राग त्याचा.’’

‘‘कुणी सांगितलं?’’

‘‘मला कळतं.’’ मग त्याने, कुणालाच कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. तीन हिसक्यांचं. एवढी वर्षं वर दोर धरून बसायचं. दोर धरलेला असतो हे तेवढं त्याने सांगितलं नाही.

लव्हडे ऐकत होती. तिच्या कपाळावर हळूहळू आठी पडत गेली. ‘‘म्हणजे तुम्ही वर बसून असायचात?’’

‘‘दिवे जाईपर्यंत.’’

‘‘काका,’’ ती म्हणाली, ‘‘बाबाही खाली बसून असायचे. दोर डाव्या मनगटाला दोन वेढे देऊन. मी शेवटी शेवटी त्यांना घरी न्यायला यायचे, खोकला होता म्हणून. सगळं थिएटर रिकामं झालं तरी उठायचे नाहीत. मी विचारलं, कशाची वाट बघताय? म्हणाले, वरून हिसका आला की जाऊ.’’

‘‘वरून?’’ जेबेझ म्हणाला. ‘‘वरून हिसका द्यायचा नसतो. नियमच नाही तसा. त्याने स्वतः घातलाय तो नियम.’’

‘‘तेच म्हणाले. म्हणाले, नियम माझाच आहे. तो मोडून त्याने एकदा हाक मारली असती तर मी उठलो असतो.’’

जेबेझच्या समोरची पेस्टी तशीच राहिली. गल्लीत एक कुत्रं आलं, बघून गेलं.

‘‘मी कशी मारणार हाक?’’ तो म्हणाला. ‘‘नको तेव्हा दिलेल्या एका हाकेने त्याचा हात गेला. त्यानंतर मी, आणि वरून, न दिसता? त्याची बोटं तिथे असताना? मी मेलो असतो तरी तसं केलं नसतं.’’

‘‘हे त्यांना कोण सांगणार?’’ लव्हडे म्हणाली. तिचे डोळे भरले होते, आणि आवाज मात्र रागाचा होता. ‘‘त्यांना वाटायचं, त्याला पर्वा नाही. आणि तुम्हाला वाटायचं, त्यांना राग आहे. तुम्ही दोघेही दोर धरून बसला होतात. एकाच दोराला.’’

आतून पहिली घंटा झाली. ती डोळे पुसून उठली, फडकं मात्र तिथेच ठेवून गेली.

दुपारचा खेळ भरलेला होता. बंदरावरचे सगळे आले होते, बायकापोरांसह. तिसऱ्या अंकात तांबडा दिवा लागला, हिरवा झाला आणि जेबेझने गोळे सोडले. जुन्या तुळया थरथरल्या, छताची धूळ त्याच्या केसांत पडली. खाली एक मूल रडायला लागलं आणि वरच्या बाकांवरून कुणीतरी वादळाला शाबासकी दिली. शेवटचा गडगडाट संपला. एक हिसका. मग दोन. टोपली आली. लव्हडे आता धावत कपडेपटाकडे गेली असणार.

जेबेझने दोर हातात घेतला. धरलेला होता.

खाली चौथा अंक सुरू झाला. नायिका बोलत होती, कुणीतरी बुडालेलं परत येणार होतं. जेबेझने एकेक गोळा उचलून भिंतीकडच्या खाचेत ठेवला आणि प्रत्येकाच्या पुढे लाकडी पाचर ठोकली. अंधारात हाताने चाचपून पुन्हा बघितलं. पन्हळीत काही नव्हतं. सुटण्यासारखं काहीही नव्हतं. तरी खालच्या अंधारात डाव्या हाताची पाच बोटं आहेत, हे त्याच्या डोक्यातून जाईना.

‘‘रूबेन,’’ तो पुटपुटला, ‘‘हात काढ बाबा.’’

आणि त्याने दोराला वरून खाली तीन हिसके दिले.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. दोर ताठ होता, नेहमीपेक्षा ताठ, ऐकणाऱ्या माणसाने श्वास रोखावा तसा. जेबेझने दोन्ही हातांनी धरून ठेवला. मग मनगटाभोवतीचे वेढे सोडवावेत तसं काहीतरी त्या टोकाला हललं. एकदा. पुन्हा एकदा. आणि दोर सैल झाला.

त्याने ओढून पाहिला. सगळा दोर हातात आला, नुसता, हलका. पलीकडे कुणी नव्हतं.

खाली लोक टाळ्या वाजवत होते. जेबेझ माळ्यावर गुडघ्यात डोकं घालून रडला, दफनाला राहिलेलं सगळं. मग उठला, शिडीने उतरला आणि त्या नाटकात पहिल्यांदाच पडदा पडायच्या आत खाली पोचला. विंगेत लव्हडे ओले झगे हातावर घेऊन उभी होती. तिने त्याच्याकडे बघितलं आणि काही विचारलं नाही.

संध्याकाळचा खेळ शेवटचा होता. वादळ चांगलं झालं, असं सगळे म्हणाले. शेवटच्या गडगडाटानंतर जेबेझने दोर हातात घेतला तेव्हा तो फक्त दोर होता, जुना, थोडा ओलसर. उतरायला हरकत नव्हती. तरी तो दिवे जाईपर्यंत तिथेच धरून बसला.